काळी एकचा खर्ज आणि पाच मीटरची खोली: मार्दोळजवळच्या एका घरातली स्पीकरनिवड

फोंडा तालुक्यात, मार्दोळपासून जवळच असलेल्या एका घरात या पावसाळ्यात एक निर्णय घ्यायचा होता. घरातले कर्ते पुरुष माझे मामा. सत्तरी ओलांडलेली, आयुष्य शाळेत शिकवण्यात आणि उरलेला वेळ देवळांतल्या भजनांना व गावच्या नाटकांना हार्मोनियमची साथ करण्यात गेलेला. आता बाहेर जाणं कमी झालंय, ऐकणं वाढलंय. त्यांना चांगल्या प्रतीची एक लहान स्पीकरजोडी हवी होती. घ्यायची ती एकदाच, पुन्हा बदलायची नाही. अ‍ॅम्प्लिफायर धरून अडीच लाखांच्या आत सगळं बसवायचं होतं. निवृत्त शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नसते, म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे.

जुने स्पीकर नव्वदच्या दशकातले, मोठ्या खोक्याचे. त्यांच्या शंकूभोवतीची फोमची कडा हाताला लागताच भुग्यासारखी गळून पडत होती. आपल्या हवेत हे होतंच. पॉलीयुरेथेन फोम दमटपणात रासायनिकरीत्या विघटित होतो, स्पीकर वाजवला काय नि झाकून ठेवला काय. रबरी कडा याच्या कित्येक पट टिकते. गोव्यात स्पीकर घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा असं माझं ठाम मत आहे. दुकानात तो कोणीच विचारत नाही.

मामांच्या डोक्यात नाव पक्कं होतं: केईएफ या ब्रिटिश कंपनीचा एलएस५० मेटा. मडगावच्या माझ्या एका मित्राकडे ही जोडी आहे. त्याने ती पावसाळ्यात काही आठवड्यांसाठी आनंदाने उसनी दिली, सोबत आपला उभ्या खोक्याचा मोठा स्पीकरही तुलनेसाठी दिला. परगावच्या एका दुकानात मामांनी हा लहान स्पीकर आधी ऐकला होता. तिथे गालिचे, जाड पडदे, भिंतींवर ध्वनिशोषक, आणि वाजवलं काय, तर परदेशी ड्रम आणि गिटार. मामा म्हणाले, "चांगला वाजला रे, पण काय चांगलं वाजलं ते मला कळलं नाही." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. ज्या आवाजाची आपल्याला मुळातून ओळख नाही तो हुबेहूब आला की नाही, हे ठरवणार कशावरून?

या स्पीकरच्या वंशावळीतच त्याचं उत्तर आहे. १९७०च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर तयार केला. गाडीत जागा नाही, हेडफोन सतत लावून बसता येत नाही, आणि निवेदकाचा आवाज खरा येतोय की नाही हे तर कळायलाच हवं, अशी ती गरज होती. त्याची दोन्ही ध्वनियुनिटं केईएफने बनवलेली होती. बीबीसीच्या अभियंत्यांची परीक्षेची एक साधी रीत होती: एका खोलीत माणूस बोलतोय, दुसऱ्या खोलीत तोच आवाज स्पीकरमधून येतोय, आणि ऐकणारा दोन्हींची तुलना करतोय. पुढे २०१२ साली, कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने, केईएफने त्या जुन्या स्पीकरला मानवंदना म्हणून एलएस५० काढला. मेटा ही त्याची २०२० सालची सुधारित आवृत्ती.

मग आम्हीही तीच रीत धरली. पावसाने उघडीप दिली तेव्हा घराच्या राजांगणात, उघड्या आभाळाखाली, तीन गोष्टी मुद्रित केल्या: मामांचा तानपुरा, मामांची हार्मोनियम आणि मामींचा आवाज. राजांगण अशासाठी की तिथे वर छत नाही, भिंती लांब, त्यामुळे मुद्रणात खोलीचा घुमारा मिसळत नाही. बंद खोलीत मुद्रण करून ते पुन्हा बंद खोलीत वाजवलं तर दोन खोल्या एकमेकींवर चढतात आणि स्पीकरच्या वाट्याला भलतेच दोष येतात. मामींनी वर्तमानपत्रातली पावसाची बातमी वाचली. "हे काय वाचायला लावतोस, बाबा," असं म्हणत वाचली, पण शेवटपर्यंत स्वच्छ वाचली.

दोन खोल्या, एकच स्पीकर

घराचे दोन भाग आहेत. पुढचा जुना, चिरेबंदी भिंतींचा, वर उतरतं मंगळुरी कौलारू छप्पर, खाली तांबडा कोबा. मागे वीसेक वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली: पाच मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, तीन मीटर उंच, गुळगुळीत फरशी, एका बाजूला काचेची मोठी खिडकी. मामींचा आग्रह मागच्या खोलीचा. तिथे दार लागतं, धूळ कमी, आणि पावसाळ्यात ओल कमी. आग्रह रास्त होता, म्हणून स्पीकर आधी तिथेच मांडले.

तानपुरा लावला आणि मामांचा चेहरा पडला. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार वाजली की सगळी खोली गुरगुरायची, बाकीच्या तिन्ही तारा तिच्याखाली दबायच्या. हार्मोनियम कर्कश. मामींचा आवाज डब्यातून आल्यासारखा. तेव्हाच निकाल दिला असता तर तो स्पीकरच्या विरोधात गेला असता.

पण त्याच खोलीत मामांना प्रत्यक्ष तानपुरा घेऊन बसवलं. तोही गुरगुरला. मग स्पीकर पुढच्या कौलारू खोलीत नेले, अ‍ॅम्प्लिफायर तोच, तारा त्याच, मुद्रण तेच. गुरगुर गेली. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, तारांची जवारी (उपस्वरांनी भरलेली ती झणझणती गुंज) अशी सुटी झाली की मामांनी न सांगता डोळे मिटले.

याचं कारण मोजता येतं. २८ अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर असतो. पाच मीटर अंतरावरच्या दोन समांतर, कठीण भिंतींमध्ये जी लहर नेमकी बसते ती ३४८ भागिले १०, म्हणजे सुमारे ३५ हर्ट्झची, आणि तिची दुप्पट ७० हर्ट्झच्या जवळ. मामांचा तानपुरा काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, मिळवलेला. काळी एकचा मध्य सप्तकातला षड्ज साधारण २७७ हर्ट्झ, पुरुषाच्या गळ्याचा त्याखालचा १३८.६, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९.३. खोलीची दुसरी अनुनादी लहर आणि मामांचा खर्ज एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसले होते. आपल्याकडचे कितीतरी पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातात, आणि चारपाच मीटरच्या खोल्या तर घरोघरी आहेत. तेव्हा हा योगायोग फार दुर्मीळ नसावा.

जुन्या खोलीत हे का होत नाही? छप्पर उतरतं, त्यामुळे जमिनीला समांतर असं काही नाही. कौलांच्या फटींतून आणि राजांगणाच्या उघड्या दारातून खालच्या लहरी चक्क बाहेर निघून जातात. चिऱ्याच्या भिंतींचा गिलावाही सरळ नाही, त्यामुळे वरचे स्वर विखुरतात. आपल्या जुन्या घरांत बैठका रंगायच्या त्यात गवयांचं कसब होतंच, घराचाही थोडा हात असणार.

मग स्पीकर पुढेच ठेवावा? ऑक्टोबर ते मे, खुशाल. जून ते सप्टेंबर मात्र कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज तानपुरा गिळून टाकतो, आणि उघड्या राजांगणातून येणारी दमट हवा लाकडी पोटाच्या कुठल्याही वस्तूला बरी नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. मामी हट्ट सोडणार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

मागची खोली वळणावर आणली ती अशी

एकही वस्तू विकत घेण्याआधी जागा बदलल्या. अनुनादी लहरीचा जोर सगळीकडे सारखा नसतो. ७० हर्ट्झची ती लहर भिंतींपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत दांडगी, आणि दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर जवळजवळ नाहीशी. मामांची गादी नेमकी मध्यावर होती. ती मागे सरकवली, समोरच्या भिंतीपासून ३.४ मीटरवर. पाव अंतराच्या बिंदूवर मुद्दाम नेली नाही, कारण तिथे खर्ज हरवतो, आणि हरवलेला खर्ज हा दबलेल्या जोडीच्या तारांइतकाच वाईट. स्पीकर समोरच्या भिंतीपासून ६५ सेंटिमीटर पुढे घेतले. या स्पीकरचं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे. भिंतीजवळ ठेवायची वेळ आली तर भोकात बसवायला फोमचे बुच सोबत येतात. तेही लावून पाहिले. खालचा स्वर थोडा आखडता झाला, पण या खोलीत तेच हवं होतं.

हार्मोनियमचा कर्कशपणा फरशी, काच आणि समोरासमोरच्या नागड्या भिंतींचा. टाळी वाजवली की झणझणीत पडसाद यायचा. कोणीही जाड पडदे सुचवेल. मामी म्हणाल्या, "जुलैत पडद्याला बुरशी येते, ती तू येऊन धुणार?" गोव्यातल्या घराला परदेशी सल्ले जसेच्या तसे लागू होत नाहीत ते इथे. शेवटी एका बाजूच्या भिंतीला मामांच्या नाटकाच्या वह्या आणि पुस्तकांचं उघडं कपाट आलं. वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं आवाज छान विखुरतात. दुसऱ्या बाजूला खनिज लोकरीचे, सुती कापडात गुंडाळलेले दोन तक्ते भिंतीपासून थोडी फट ठेवून टांगले, म्हणजे मागून हवा खेळते. खनिज लोकर स्वतः कुजत नाही. कापड काढून धुता येतं. जमिनीवर सतरंजी, जी पावसाळ्यात अधूनमधून उन्हाची तिरीप मिळाली की बाहेर काढायची. मामींनी याला मान्यता दिली.

यानंतर खर्ज जाग्यावर आला. जुन्या खोलीइतकी मोकळीक आली नाही. पण आता स्पीकर ऐकू येत होता, आणि त्याची परीक्षा करणं न्याय्य होतं.

स्पीकरची परीक्षा

उभ्या मोठ्या स्पीकरशी तुलना करताना दोन पथ्यं पाळली. एक, दोन्हींचा आवाज मापकावर अर्ध्या डेसिबलच्या आत सारखा केला, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी अधिक चांगला भासतो आणि माणूस त्या फसवणुकीला गुण समजतो. दोन, समोर पातळ सुती साडी टांगली, त्यामुळे कुठला वाजतोय ते मामांना दिसत नव्हतं.

मामींचा आवाज: इथे लहान स्पीकर निर्विवाद सरस. "सत्तरी", "सांगे", "शुक्रवारी" यांतले स आणि श टोचले नाहीत आणि बोथटही झाले नाहीत. मामी स्वयंपाकघरातून हाक मारतात तेव्हा जसा आवाज येतो तसाच आला, हे मामांचं प्रमाणपत्र. माझ्या कानालाही तसंच वाटलं.

तानपुरा: हा खरा कस. तांत्रिक माहितीनुसार हा स्पीकर ७९ हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट आणि त्याखाली उतरत जाणारा, म्हणजे काळी एकचा ६९ चा मूळ खर्ज त्याच्या उतारावर आहे. तरी खर्ज ऐकू आला, आणि पूर्ण ऐकू आला. जवारीमुळे तानपुऱ्याच्या तारेतून मूळ स्वरापेक्षा त्याचे उपस्वर जोरकस निघतात, आणि उपस्वरांची ओळ शुद्ध असली की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच जोडून घेतो. म्हणून तानपुऱ्यासाठी मोठ्या खोक्यापेक्षा मधल्या आणि वरच्या स्वरांची सच्चाई अधिक कामाची. मोठ्या स्पीकरमध्ये खर्ज जाडजूड होता, पण त्या खर्जाच्या तारेतून सुटणारा गंधाराचा तो सूक्ष्म स्वर लहानातच आधी सापडला. मामांनी साडीआडून दर वेळी लहानच निवडला.

बैठक: हा मुद्दा कुठल्याच परीक्षणात मी वाचला नाही, आणि आपल्या घरांसाठी तो मोठा आहे. या स्पीकरमध्ये वरच्या स्वरांचं युनिट सव्वापाच इंची शंकूच्या केंद्रातच बसवलेलं आहे. केईएफ ही रचना १९८८ पासून वापरते. नेहमीच्या स्पीकरमध्ये दोन युनिटं एकावर एक असतात, त्यामुळे कानाची उंची बदलली की दोन्हींपासूनचं अंतर बदलतं आणि ती जिथे एकमेकांकडे सूर सोपवतात तिथे आवाज बिघडतो. मामा गादीवर बसतात, कान जमिनीपासून पाऊण मीटरवर. मामी खुर्चीत, कान मीटरभर उंचीवर. मोठ्या स्पीकरसमोर मामा खाली बसले की गायकाच्या आवाजातला तजेला जायचा. लहानासमोर दोघांना जवळजवळ एकच गाणं ऐकू आलं. साठ सेंटिमीटरच्या स्टँडवर ठेवल्यावर त्याचं केंद्र बरोबर गादीवरच्या कानाच्या रेषेत येतं.

जुनी ध्वनिमुद्रणं: मामांच्या ऐकण्यातला मोठा भाग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून आलेला. केसरबाई केरकरांची तीनसाडेतीन मिनिटांची मुद्रणं, जुने नाट्यगीतांचे आवाज. विद्युत मुद्रण १९२५ पासून आलं, त्याआधी सगळं भोंग्यासमोर गाऊन. या तबकड्यांत खालचे स्वर मुळातच फारसे नाहीत, तेव्हा लहान स्पीकर त्यातलं काही हिरावून घेत नाही. तिथे दोन गोष्टी लागतात: सुईच्या खरखरीला फोडणी न देणारे वरचे स्वर, आणि एकनळी (मोनो) मुद्रण दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये एका बिंदूवर उभं करण्याची एकजूट. दोन्हींत हा उत्तम. पहिल्यांदा केसरबाई थोड्या डावीकडे सरकल्या होत्या. काचेच्या खिडकीवर बांबूची चटई सोडली, तशा मध्ये आल्या.

आणि मग घुमट. गेल्या चतुर्थीची घुमट आरती मामांच्या मुलाने मुद्रित केली होती: मातीच्या घटाचं घुमट, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, झांजांसारखी कासाळें, सगळं रसरशीत. इथे लहान स्पीकर हरला. स्वच्छ हरला. थाप ऐकू येते, छातीवर येत नाही. आवाज वाढवला की आरतीचा जल्लोष आखडल्यासारखा होतो. हे भौतिकशास्त्र आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट मागेपुढे हलावं लागतं, आणि सव्वापाच इंची शंकूला तेवढी जागा नाही. मोठा स्पीकर इथे सहज पुढे गेला. ज्याचं ऐकणं प्रामुख्याने घुमट, ढोल किंवा सिनेसंगीतातला ठेका असेल त्याने हा स्पीकर घेऊ नये, किंवा सोबत सबवूफरचं, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीच्या वेगळ्या स्पीकरचं, बजेट धरावं.

किती वॅट, कुठली तार

स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८५ डेसिबल. हिशेब सोपा: २.७ मीटरवर बसल्यावर, दोन स्पीकर आणि खोलीची थोडी मदत धरून, एका वॅटला ८०च्या आसपास. मामा सरासरी ७०ला ऐकतात, तानेच्या उंचीवर ८५. त्याला तीनेक वॅट पुरतात. पण गच्चीवर पत्रे आहेत. जुलैच्या सरीत मागच्या खोलीतही पार्श्वभूमी इतकी चढते की मामा आवाज दहा डेसिबलने वाढवतात, आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट वॅट. तीनाचे तीस झाले. म्हणून मामांचा जुना पंचवीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर उन्हाळ्यात चालला असता, पावसाळ्यात धापा टाकला असता. शिवाय या स्पीकरचा रोध काही ठिकाणी साडेतीन ओहमपर्यंत उतरतो, तेव्हा चार ओहमचा भार निश्चिंतपणे पेलणारा, सत्तर वॅटच्या जवळपासचा अ‍ॅम्प्लिफायर ठरवला.

तारांवर पैसे घालवले नाहीत. विजेच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, चार मीटरची लांबी, जाऊन-येऊन रोध ०.०५५ ओहम. साडेतीन ओहमपुढे तो विचारात घेण्याजोगा नाही. टोकांना मात्र सोन्याचा मुलामा असलेले प्लग लावले, कारण आपल्याकडे उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

याच स्पीकरची अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर असलेली, वायफायवर चालणारी भावंडंही मिळतात. सुटसुटीत आहेत. तरीही मी साधी जोडीच घ्यायला सांगितली. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात आपल्याकडे विजेचा भरवसा नसतो, आणि स्पीकरच्या पोटातलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं की आख्खं खोकं राज्याबाहेर पाठवावं लागतं. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच दुरुस्त होतो, स्पीकर शाबूत राहतात. सर्ज प्रोटेक्टर घेतला आहेच, पण कडकडाट सुरू झाला की प्लग हातानेच काढायचा, हे मामींनी स्वतःकडे घेतलं.

निर्णय

मामांनी एलएस५० मेटा घ्यायचं ठरवलं, घुमटासह सगळं ऐकून. मी त्यांना दोनदा विचारलं की चतुर्थीला आरती अशी ऐकायला चालेल का. त्यांचं म्हणणं, "चतुर्थीला मी आरती म्हणणार. ऐकायला बसणार कोण?" हा युक्तिवाद मला मान्य आहे. मोठा स्पीकर त्या खोलीत बसवला असता तर ७० हर्ट्झचा राक्षस पुन्हा जागा झाला असता, ही भीतीही होतीच.

उभे लाकडी स्टँड फोंड्याच्या सुताराकडून करून घेतोय, सागाचे, आत वाळू भरायला पोकळी ठेवून. मित्राचे दोन्ही स्पीकर मडगावला परत गेले. नवी जोडी आली की दिवाळीनंतर कोरड्या हवेत ती आधी पुढच्या कौलारू खोलीत लावणार आहोत. मामींनी मे अखेरपर्यंतची परवानगी दिली आहे.